लिलीच्या कोपऱ्यातला फेस

१

हॉरेस पार्जिटर स्वतःच्याच तळ्यात पालथा तरंगत होता, आणि सकाळच्या खाण्याची वेळ झाली म्हणून त्याचे मासे त्याच्या शर्टाच्या बाहीला तोंड लावत होते. त्याचा पुतण्या रॉयस्टन रोजच्यासारखा दूध आणि पेपर घेऊन मागच्या फाटकातून आत आला आणि जागच्या जागी थिजला. धबधबा बंद होता. पंप बंद होता. शेडमध्ये पाहिलं तर तळ्याकडे जाणाऱ्या विजेचा स्विच खाली पडलेला, म्हणजे वीज तुटलेली. आदल्या रात्रीचा उकाडा अजून परसातून हलला नव्हता आणि सगळीकडे शेवाळाचा कुबट वास भरून राहिला होता.

दुपारपर्यंत गल्लीने निकाल लावून टाकला. कालव्यामागची ही गल्ली. साखळ्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा इथल्या पुरुषांच्या हातांना काम उरलं नाही, म्हणून त्यांनी परसं खणून तळी केली आणि त्यांत 'कोई' जातीचे रंगीत जपानी मासे सोडले. तेव्हापासून पंपातलं सगळ्यांनाच कळतं, निदान तसं प्रत्येकाला वाटतं. म्हाताऱ्याने जाळी साफ करायला पाण्यात हात घातला, पंपाची वायर तुटकी, पाण्यात वीज उतरली आणि कारभार आटोपला. पोलिसांनाही ते पटलं. आता पंप निवडला कोणी? गल्लीतल्याच लेन हॉजेट्सने. बसवला कोणी? त्यानेच.

वाईट म्हणजे हे सर्वांआधी बोलला तो लेनच. वसंतात हॉरेस दुकानातल्या सर्वांत मोठ्या, सर्वांत स्वस्त पंपावर भाळला होता आणि लेनने त्याला दंडाला धरून पुढे नेलं होतं. "आज किती पाणी फेकतो ते बघू नकोस, पाच वर्षांनी किती फेकेल ते बघ," असं म्हणून त्याने कमी वीज खाणारा, सुटे भाग कुठेही मिळतील असा पंप त्याच्या गळ्यात मारला होता. आता तो स्वयंपाकघरात टेबलाशी बसून होता. समोरचा चहा थंड व्हायचा, बायको मेविस तो ओतून दुसरा करायची, तोही थंड व्हायचा. स्वतःच्या तळ्याकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही.

सोमवारी पोलीस ठाण्यावर जाऊन चूक आपली होती असं लिहून देणार, एवढंच तो म्हणाला. मेविसने त्याला समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी रडूनही पाहिलं. हा माणूस एकदा सही करून आला की पुन्हा उभा राहणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं.

मेविसने उभी हयात कपडे धुण्याच्या यंत्रांच्या एका कंपनीत तक्रारींचे फोन घेतले होते. यंत्र बंद पडलं म्हणून रडणाऱ्या बायका तिने समजावल्या होत्या, शिव्या घालणारे नवरे ऐकले होते, आणि तिचा मंत्र एकच होता. भिंतीपासून सुरुवात करा. आधी वीज, मग वायर, मग यंत्र, मग पाणी. मधली पायरी गाळली की माणूस चुकीचा भाग बदलतो आणि पैसे घालवून बसतो. गल्लीने पायऱ्या गाळल्या होत्या, असं तिला वाटत होतं.

तिने लेनचा चष्मा उचलला, कारण बारीक बघायला तिचा चालत नसे, आणि ती हॉरेसच्या घरी गेली.

२

रॉयस्टनने दार उघडलं आणि तोंड वाकडं केलं. पंप शेडमध्ये बादलीत होता. पोलिसांनी फोटो काढले होते आणि विजेचा तपासनीस पुढल्या आठवड्यात कधीतरी येणार होता. हात लावू नका, असं त्याने बजावलं. मेविस म्हणाली की ती फक्त डोळे लावणार आहे.

जाळी स्वच्छ होती. शेवाळाची एक तारही नाही. मग म्हाताऱ्याने पाण्यात हात घातला कशासाठी? ही पहिली गोष्ट तिला खटकली. दुसरी वायरची. पंपाच्या तोंडाशी वायर तुटली होती आणि आतली तांब्याची तार बाहेर डोकावत होती. मेविसने चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. तांबं नव्या नाण्यासारखं चकचकीत होतं.

पाण्यात उघडं पडलेलं तांबं हिरवं पडतं, हे या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत. हे तांबं पाण्यात कधी उघडं पडलंच नव्हतं.

"रॉयस्टन, पंप बाहेर कोणी काढला?"

"मीच. का?"

"कसा काढलास?"

मग त्याची मान खाली गेली. "वायरला धरून ओढला, मेविस आँटी. काका पाण्यात, माझं डोकं ठिकाणावर होतं का? अडकला होता, जोरात हिसका दिला." पोलिसांना हे सांगितलंस का, असं तिने विचारलं, तर कोणी विचारलंच नाही म्हणाला. शिवाय तुटकी वायर सगळ्यांनी पाहिली आणि सगळेच बोलायला लागले, त्यात आपण उगाच कशाला तोंड उघडा.

मेविसला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण तक्रार करणाऱ्याला रागावलं की तो पुढचं सांगत नाही, हे तिला पाठ होतं. तिने विचारलं, घराचं काय करणार? विकणार, तो म्हणाला. आणि तळं? बुजवणार. माशांचं क्लेमंट बघेल, त्याला हवेच आहेत. काकाचा जीव गेला तेव्हा हा कुठे होता, तर बायकोमुलांसोबत सासऱ्याच्या वाढदिवसाला, आणि सासऱ्याच्या घरात सतरा माणसं. तो लोभी असेल, पण तिथेच होता.

ती तळ्याकडे गेली. आता तिथे दुसरा पंप गुरगुरत होता. कोई मंडळाचा अध्यक्ष क्लेमंट ट्रँटर त्याच दिवशी दुपारी स्वतःचा जादा पंप घेऊन आला होता आणि तेव्हापासून दोन्ही वेळा माशांना तोच जेवू घालत होता. आत्ताही तो काठावर गुडघ्यांवर बसला होता. उंच, कडक इस्त्रीचा, नखं स्वच्छ. त्याच्या बोटांपाशी तळ्यातली सर्वांत मोठी मासोळी, डचेस, आली होती. पांढरीशुभ्र, माथ्यावर लाल टिळा, आणि लांबीला माणसाच्या हाताएवढी. प्रदर्शनात हिच्यासमोर लोक टोप्या काढत.

लेन कसा आहे, असं क्लेमंटने हळू आवाजात विचारलं. मग म्हणाला, "त्याला सांग, मनाला लावून घेऊ नकोस. पंप कोणाचाही बिघडतो." तो इतक्या मायेने बोलला की मेविसच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून तिने मान दुसरीकडे वळवली.

त्यामुळे तिला लिलीचा कोपरा दिसला. धबधब्याच्या विरुद्ध टोकाला लिलीच्या कुंड्या होत्या आणि त्यामागे नेच्याची झुडपं. तिथल्या दगडांवर पाण्याच्या रेषेला पांढरट, वाळलेला फेस चिकटला होता. धबधब्याखाली असा फेस नेहमीच असतो, कारण तिथे पाणी घुसळलं जातं. पण लिलीच्या कोपऱ्यात पाणी हलतच नाही. म्हणून तर लिली तिथे लावतात.

आणि नेच्याच्या मागे, सपाट दगडावरच्या मऊ शेवाळात, एक लहानसा चौकोन दबलेला होता.

३

शेजारच्या डल्सी बेलिस या सबंध गल्लीत तळं नसलेल्या एकट्या बाई. अकरा वर्षं त्या धबधब्याच्या आवाजाविरुद्ध भांडत होत्या. पालिकेला अर्ज, मंडळाला अर्ज, पाद्रीबुवांनासुद्धा एक. रात्री मोरीचा नळ कोणीतरी उघडा टाकल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणत. त्यांनी मेविसला आत घेतलं, पण खुर्ची दिली नाही.

"तुम्ही त्या रात्री काही ऐकलंत का, मिसेस बेलिस?"

काही नाही, त्या म्हणाल्या. तीच तर मजा होती. सबंध आठवडा रात्री आवाजच नव्हता. अंधार पडायला लागला की हॉरेस शेडमध्ये जाऊन स्विच खाली करायचा आणि सकाळी वर. विजेचं बिल परवडेना म्हणाला, आणि तुम्हालाही झोप लागेल. "मी त्याला केक करून दिला," डल्सी म्हणाल्या. "अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या माणसाला काही दिलं."

मेविसने भिंतीला हात टेकला. म्हणजे वीज हॉरेसनेच बंद केली होती. पाण्यात वीज नव्हतीच. म्हातारा विजेने पडला नाही, आणि लेनच्या पंपाने कोणाचाही जीव घेतला नव्हता. धावत घरी जाऊन हे सांगावं असं तिला वाटलं. पण तिची जुनी खोड आड आली. भिंत झाली, वायर झाली, यंत्र झालं. पाणी राहिलं होतं.

"त्या रात्रीही शांतता होती? सकाळपर्यंत?"

"सकाळपर्यंत. उकाड्याने मी तळमळत होते, पण धबधबा नाही. फक्त कुठेतरी बारीक घुरघुर होती. फ्रिजची असते ना तशी. मला वाटलं माझाच फ्रिज." मग त्या जरा घुटमळल्या. "पण आदल्या दिवशी आवाज झाला होता. तुझ्या नवऱ्याचा. कुंपणाशी उभा राहून हॉरेसला ओरडत होता, रात्री पंप बंद करून तू त्यांना मारशील म्हणून. मी कधी लेनला ओरडताना ऐकलं नव्हतं."

मेविस परत फाटकाशी आली आणि तळ्याकडे बघत उभी राहिली. पावसाचं नाव नाही, हवा जड, कपाळावरचा घाम वाळत नव्हता. अशा हवेत पाण्यातला प्राणवायू निघून जातो. थंडीत पंप थांबला तर मासे तग धरतात; आधीच्या रात्री हवा गार होती म्हणून ते वाचले. पण अशा रात्री, एवढ्याशा तळ्यात एवढे मोठे मासे, आणि पंप बंद? मध्यरात्र व्हायच्या आत ते वर येऊन तोंडं उघडी टाकतात आणि उजाडेपर्यंत पोटं वर करून तरंगतात. सर्वांत मोठा मासा आधी जातो.

डचेस जिवंत होती. एकूणएक मासा जिवंत होता, भुकेला होता, मेलेल्या माणसाच्या बाहीला तोंड लावत होता.

त्या रात्री त्या परसात कोणीतरी होतं. त्याने लिलीच्या कोपऱ्यात, नेच्याच्या आड, बॅटरीवर चालणारा हवेचा डबा ठेवला होता, प्रदर्शनाला मासे नेताना गाडीत ठेवतात तसला. पंप सुरू करता आला असता, पण धबधबा वाजला असता आणि डल्सीबाई खिडकीत आल्या असत्या. म्हणून डबा. पाण्यात हॉरेस होता, आणि त्याच पाण्यात त्या माणसाने माशांसाठी हवेची नळी सोडली होती.

असला डबा गल्लीत दोघांकडे असायचा. एकाचा, म्हणजे क्लेमंटचा, गेल्या वर्षीच जळला. दुसरा तिच्या घरचा होता.

४

लेनच्या व्हॅनमध्ये डबा नव्हता. मेविसने हत्यारांची पेटी उपसली, सीटखाली हात घातला, जुन्या ताडपत्रीची घडी उलगडली. मागच्या वर्षी तिनेच त्या डब्याच्या बटणावर स्वतःच्या नखांचं लाल पॉलिश लावलं होतं, लेनला अंधारात बटण दिसत नाही म्हणून. तो लाल ठिपका तिला कुठेच दिसला नाही.

त्या संध्याकाळी लेन कुठे होता? कालव्यावर चालायला गेला होता. एकटाच. उशिरा आला, बोलला नाही, झोपला. तेव्हा तिला वाटलं होतं उकाड्याचा त्रास. आणि सकाळी बातमी आल्याबरोबर तो म्हणाला होता, माझ्यामुळे झालं. चाळीस वर्षं ज्याच्या कुशीत झोपले त्याच्याबद्दल असा विचार डोक्यात येतो तरी कसा, याची तिला लाज वाटली. पण आला होता, आणि जात नव्हता.

ती आत गेली. लेन तसाच बसला होता.

"आपला हवेचा डबा कुठाय, लेन?"

"क्लेमंटकडे. मे महिन्यातल्या प्रदर्शनाला नेला, तो त्याच्याकडेच आहे." त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. "कशाला हवाय?"

हॉरेसवर ओरडलास का, असं तिने विचारलं. ओरडलो, तो म्हणाला. "हॉरेस म्हणाला, मासेच आहेत, मेले तर मेले. मी म्हटलं, अरे, मग मी कमी विजेचा पंप तुला कशासाठी घेऊन दिला? शेवटचे शब्द ते, मेविस. शिवी दिली मी त्याला."

तिला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता. जीव तुटत होता त्यासाठी. ती क्लेमंटच्या घरी गेली आणि दारातूनच, सहज म्हणून विचारलं, तर क्लेमंटच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. डबा त्याने मे महिन्यातच परत केला होता, लेनच्या हातात दिला होता. "विसरला असेल बिचारा. या दिवसांत त्याला काय काय आठवत असेल, पोरी." त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं.

एकजण खोटं बोलत होता. पंप निर्दोष आहे हे तिने सोमवारी सांगितलं तर पुढचा प्रश्न येणारच, मग मासे कोणी जगवले? आणि त्याचं उत्तर तिच्या स्वयंपाकघरात बसलेलं असू शकत होतं. गप्प बसली तर लेन एका पंपाचा गुन्हेगार. बोलली तर कदाचित माणसाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रॉयस्टनला सांगितलं की हॉरेसच्या आठवणीला संध्याकाळी त्याच्याच परसात चार माणसं बोलवू. डुकराच्या मांसाचं सारण भरलेली पाई आणि बिअर ती घेऊन येईल.

५

उकाडा जराही ढळला नव्हता. कालव्यावर आभाळ पितळी झालं होतं आणि लांब कुठे तरी गडगडत होतं, पण थेंब नाही. डल्सीबाई काळी टोपी घालून आल्या. क्लेमंट आला, त्याने गाडी फाटकाशी लावली. लेनला मेविसने जवळजवळ ओढतच आणलं, आणि तो तळ्याकडे पाठ करून बसला.

पाईचे तुकडे झाले, बाटल्या उघडल्या. मेविस आणखी एक खुर्ची आणायला शेडमध्ये गेली. तिने पंपाचा प्लग काढला, लेनच्या पेचकसने उघडला, इथल्या प्रत्येक प्लगच्या पोटात असतो तो छोटा फ्यूज काढून ॲप्रनच्या खिशात टाकला आणि प्लग होता तसा लावून ठेवला. धबधब्याची धार बारीक होत होत थांबली.

परसात एकदम शांतता झाली. डल्सीबाईंनी बशी खाली ठेवली.

स्विच पडला असेल, क्लेमंट म्हणाला आणि उठला. मेविस म्हणाली, स्विच तिने पाहिला, वरच आहे. लेन बघेल. लेन नको म्हणाला. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "बघ, लेन. माझ्यासाठी." तो उठला. शेडचा दिवा लावून पाहिला, लागला. म्हणजे वीज आहे. प्लग जागेवर. मग त्याने वायर भिंतीवरून बाहेर काढली, पंप वर घेतला, जाळी उघडली, आतलं पातं फिरवून पाहिलं. सगळं ठीक. तो पुन्हा पहिल्यापासून बघू लागला.

वेळ जात होता. रॉयस्टन काहीतरी गप्पा मारायचा प्रयत्न करत होता. मग आवाज आला. चप्, चप्. पाण्याच्या वरच्या थरावर गोल, पांढरी तोंडं आली होती, उघडत होती आणि मिटत होती. आधी लहान, मग मोठी. मेविसने खिशातला फ्यूज मुठीत धरला. डचेस लिलीपाशी कडेला येऊन लागली होती आणि तिचा एक कल्ला फडफडत होता. आणखी थोडं, मेविस स्वतःला सांगत होती, आणखी थोडंच. ती तुला ओळखते, तुझ्या हातून खाते, आणि तू हे करते आहेस.

लेनने पंप टाकला आणि बादली उचलली. पाणी उपसून डोक्याइतक्या उंचीवरून ओतायला लागला, पुन्हा उपसून पुन्हा ओतायला लागला, घामाने निथळत. "रॉयस्टन, दुसरी बादली घे, बघतोस काय," तो ओरडला. त्याच्याकडे बादली होती. याखेरीज त्याच्याकडे काहीच नव्हतं, डबा तर नाहीच. मेविसच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि तिने मान वळवून दुसऱ्याकडे पाहिलं.

क्लेमंट खुर्चीत ताठ बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर, बोटांची पेरं पांढरी. तो डचेसकडे बघत होता. डचेस हळूच एका कुशीवर कलली आणि तिचं पांढरं पोट दिसलं.

तो उठला. धावला नाही. फाटकातून गाडीशी गेला, डिकी उघडली आणि डबा घेऊन आला. कोणाकडे न बघता नेच्याच्या मागे वाकला, सपाट दगडावर बरोबर त्या चौकोनात डबा ठेवला, दोन कुंड्यांच्या फटीत हात घालून नळी खाली सोडली. सगळं न चाचपता. बटण दाबलं. बारीक घुरघुर सुरू झाली आणि लिलीच्या कोपऱ्यात पाणी फेसाळलं.

"हाच," डल्सीबाई पुटपुटल्या. "हाच तो आवाज."

क्लेमंटने मान वर केली. सगळे त्याच्याकडे बघत होते. मग त्याने डब्याच्या बटणाकडे पाहिलं, त्यावरच्या लाल पॉलिशकडे पाहिलं आणि मेविसकडे. तिने मूठ उघडून फ्यूज दाखवला. त्याला सगळं कळलं, पण डबा त्याने बंद केला नाही.

"तू मे महिन्यात परत केलास ना तो, क्लेमंट?"

"आधी फ्यूज लाव," तो म्हणाला. "मग काय विचारायचं ते विचार."

लेनने तिच्या हातातून फ्यूज घेतला आणि लावला. पाणी वरून कोसळलं. क्लेमंट डचेसला हातांवर तोलून धारेखाली घेऊन गेला आणि ती सरळ होईपर्यंत कोपरापर्यंत पाण्यात राहिला. तसाच, तिच्याकडे बघत तो बोलला. त्या रात्री तो आला तेव्हा पंप बंद होता आणि मासे वर आले होते. हॉरेस काठावर उभा होता. सुरू कर म्हटलं तर म्हणाला, मेले तर मेले, मी तरी किती दिवसांचा. "मी त्याला बाजूला ढकललं. शेडकडे जायला. त्याचे पाय किती अधू ते तुला माहीत आहे, तो सरळ आत गेला."

"मग वर काढायचं होतंस," लेन म्हणाला.

"त्याने हात वर केला होता." क्लेमंटने डचेसच्या पाठीवरून हात फिरवला. "मी बघितलं. पण डचेस आडवी झाली होती, लेन. आत्ता झाली तशी. पंप लावला तर डल्सी खिडकीत येईल, म्हणून मी डबा आणायला गाडीकडे गेलो. ती सावरेपर्यंत मी तिच्यापाशीच होतो, आणि मग वळलो तेव्हा त्याचा हात खाली गेला होता. उजाडायच्या आत डबा उचलून नेला."

रॉयस्टन बादली हातात घेऊन उभा होता आणि तिच्यातून पाणी गळत होतं.

"आणि नंतर? लेनवर आलं तेव्हा?" मेविसने विचारलं. "तू माझ्या खांद्यावर थोपटलंस. मनाला लावून घेऊ नकोस म्हणून सांगितलंस."

"खरंच सांगितलं होतं ते," क्लेमंट म्हणाला. "मला वाईट वाटत होतं त्याच्यासाठी." तसं वाटत असावं, हे मेविसला दिसलं, आणि त्याचीच तिला सर्वांत जास्त भीती वाटली.

रॉयस्टन आत जाऊन पोलिसांना फोन करून आला. गाडी येईपर्यंत क्लेमंट काठावर बसून होता, बाह्या चिंब, हात पाण्यात सोडलेला. मासे सावरले होते आणि त्यांना भूक लागली होती. ते त्याच्या शर्टाच्या बाहीला तोंड लावत होते, आणि तो त्यांना लावू देत होता. त्याला घेऊन निघाले तेव्हा फाटकाशी थांबून त्याने एवढंच विचारलं, की पंप रात्रभर चालू राहील ना. उत्तर डल्सीबाईंनी दिलं. राहील, त्या म्हणाल्या, आणि काळी टोपी सरळ करून आपल्या घरी गेल्या.

लेन शेडच्या दारात उभा होता. हातात बादलीतला जुना पंप होता, चकचकीत तुटक्या तारेचा.

"म्हणजे हा ठीक होता?"

"ठीक होता, लेन. पहिल्यापासून."

मी तुझ्यावर संशय घेतला, हे तिला त्याच वेळी सांगून टाकायचं होतं, पण तिने ते घरी जाईपर्यंत राखून ठेवलं. त्याने पंप काळजीने खाली ठेवला, मेविसच्या ॲप्रनच्या टोकाने हात पुसले आणि टेबलावर उरलेल्या पाईकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून तळ्याकडे तोंड करून बसला आणि म्हणाला की त्याला भूक लागली आहे.